पडून राहिलेल्या ठेवींतून घरे? वाटायला नको, फिरवायला चालतील

प्रश्न असा आहे: "बँकांमध्ये ७८ हजार कोटी रुपये दहा-दहा वर्षे कुणी न मागता पडून आहेत. इकडे मुंबई-पुण्यात बऱ्यापैकी पगार असलेल्या माणसालाही घर झेपत नाही. सरकारने हे पैसे घेऊन परवडणारी घरे का बांधू नयेत? परदेशात असे करतात असे ऐकले आहे. आणि आमच्या जुन्या सोसायटीला स्वयंपुनर्विकासासाठी (बिल्डरकडे न जाता स्वतःच इमारत नव्याने बांधण्यासाठी) त्यातून काही मिळेल का?"

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधी निकाल सांगतो. या पैशांतून घरे फुकट किंवा अनुदानाने वाटू नयेत. त्यातला ठरावीक हिस्सा बांधकामाच्या काळापुरता कर्जाऊ द्यावा, तो परत यावा आणि पुन्हा पुढच्या इमारतीला लागावा, हे जमण्यासारखे आहे. मात्र आजच्या कायद्यात ते बसत नाही, कायदा बदलावा लागेल. तुमच्या सोसायटीला आजच्या तारखेला यातून काही मिळणार नाही. पण त्या प्रश्नाला दुसरी एक बाजू आहे, ती शेवटी सांगतो.

माझी निम्मी नोकरी एका नागरी सहकारी बँकेच्या ठेव विभागात गेली, उरलेली कर्ज विभागात. निवृत्तीनंतर गृहनिर्माण संस्थांच्या स्वयंपुनर्विकासाच्या कर्जाचे प्रस्ताव तयार करून देतो. त्यामुळे या प्रश्नाची दोन्ही टोके हाताखालून गेली आहेत.

पहिल्यांदा पैसे कुठे असतात ते पाहू. बचत खात्यात दोन वर्षे खातेदाराने स्वतः काही केले नाही की खाते निष्क्रिय होते. बँकेने जमा केलेले व्याज किंवा कापलेले एसएमएसचे पैसे हा व्यवहार धरला जात नाही. असे होत होत दहा वर्षे उलटली, किंवा मुदत ठेव पिकून दहा वर्षे झाली आणि कुणी फिरकले नाही, की ती रक्कम व्याजासह रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जाते. बँकेत सगळे त्याला 'डीफ' म्हणतात. बँकिंग नियमन कायद्याचे कलम २६ अ आणि २०१४ ची योजना हा त्याचा पाया. न वटवलेले डिमांड ड्राफ्ट, पे ऑर्डर, कुणी न मागितलेल्या फुटकळ रकमा हेही त्यातच. ३१ मार्च २०२४ रोजी या निधीत ७८,२१३ कोटी रुपये होते. तुम्ही म्हणता तो आकडा हाच. विमा कंपन्या, म्युच्युअल फंड, लाभांश यांच्याकडचे पडून राहिलेले पैसे वेगळे, त्यांचे कायदे वेगळे, ते इथे मोजलेले नाहीत.

आता महत्त्वाचे. पैसे डीफमध्ये गेले म्हणजे ठेवीदाराचा हक्क संपला असे नाही. वीस वर्षांनी नातू कागद घेऊन आला तरी बँकेने त्याला पैसे द्यायचे आणि मग निधीतून वसूल करायचे, अशी रचना आहे. खाते व्याजाचे असेल तर निधीत गेल्यापासूनचे व्याजही द्यायचे. सुरुवातीला ते ४ टक्के होते, जुलै २०१८ पासून साडेतीन, मे २०२१ पासून ३ टक्के. मागणीला मुदत नाही. म्हणजे ताळेबंदाच्या भाषेत ही देणी आहेत. देणे उत्पन्न समजून खर्च केले की पुढे काय होते, ते पतसंस्था बुडताना महाराष्ट्राने पुरेसे पाहिले आहे.

दुसरा गैरसमज हा, की हे पैसे कुठेतरी कुलपात पडून आहेत. तसे नाही. रिझर्व्ह बँक ते सरकारी रोख्यांत गुंतवते. म्हणजे एका अर्थी सरकार ते आजही कर्जाऊ वापरतेच आहे. 'पडलेला पैसा कामाला लावा' हा युक्तिवाद इथे तितकासा लागू पडत नाही. खरा प्रश्न एवढाच, की आज तो सरकारच्या सर्वसाधारण कर्जात मिसळतो, त्याऐवजी त्यातला काही भाग घरबांधणीच्या कर्जात जावा का?

मालक कोण असतात, याबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण अशा चर्चांत कुणीतरी मोठा शेठ पैसे विसरून गेला असेच चित्र रंगवले जाते. माझ्या टेबलावर यायचे ते वेगळेच. कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखांची खाती एकाच संगणक यंत्रणेवर, आले तेव्हा जुन्या हाताने लिहिलेल्या लेजरमधून खाती संगणकावर चढवली गेली. लेजरच्या पानावर काय असायचे? आडनाव, दोन आद्याक्षरे, पत्ता म्हणून चाळीचे नाव आणि खोली नंबर, नाहीतर नुसते 'मु. पो., ता. खेड, जि. रत्नागिरी'. जन्मतारीख नाही, पॅन नाही, नॉमिनीच्या रकान्यात रेघ. सहीचे कार्ड असले तर त्यावर अंगठा. चाळ पाडून टॉवर झाला, खोली नंबर गेला, बँकेची पत्रे 'पत्त्यावर नाही' असा शेरा घेऊन परत आली. त्या खात्यात चार हजार, अकरा हजार, क्वचित लाखभर. २०२३ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने अशा ठेवी शोधण्यासाठी उद्गम पोर्टल आणले, ते चांगले झाले. पण तिथे नावासोबत पॅन, मतदार ओळखपत्र, जन्मतारीख असे काहीतरी एक घालावे लागते, नाहीतर पत्त्यावरून शोधावे लागते. ज्या खात्याच्या नोंदीतच यातले काही नाही आणि पत्त्यावरची चाळच उरलेली नाही, ते खाते पोर्टलवर असूनही सापडत नाही.

सापडले तरी पुढे वारसाचा घोळ. मृत्यूच्या दाखल्यावर 'पांडुरंग', पासबुकावर 'पांडू', रेशनकार्डावर तिसरेच. शाखेतला नवा अधिकारी जोखीम घेत नाही, तो सरळ न्यायालयाचा वारस दाखला आणायला सांगतो. अकरा हजारांसाठी वकील कोण करणार? माणूस दोन हेलपाटे घालतो आणि सोडून देतो. म्हणजे या निधीतला मोठा भाग असा आहे, की त्याचा मालक हरवलेला नाही, दमलेला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मृत खातेदारांच्या दाव्यांचे नियम एकसारखे केले. नॉमिनी नसला तरी १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंत, न्यायालयाचा दाखला न मागता सोप्या पद्धतीने दावा निकाली काढायचा आहे. शाखांनी हे मनापासून पाळले तर बराच पैसा घरी जाईल. आणि तो ज्यांच्या घरी जाईल, त्यातल्या कित्येकांनाच परवडणाऱ्या घराची गरज आहे. एका गरिबाचे न मिळालेले पैसे घेऊन दुसऱ्या गरिबाला घर द्यायचे आणि त्याला कल्याणकारी योजना म्हणायचे, हे मला पटत नाही.

हे नुसते माझे मत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जवळजवळ याच मुद्द्यावर मुंबईच्याच प्रकरणात निकाल दिलेला आहे आणि तो फार लोकांना आठवत नाही.

मुंबई राज्याने १९५३ मध्ये कामगार कल्याण निधीचा कायदा केला. कामगार नाट्यस्पर्धा, ललित कला भवने, शिवणवर्ग चालवणारे आपले कामगार कल्याण मंडळ त्यातूनच पुढे आले. निधीत पैसे कुठून यायचे? कामगारांकडून वसूल झालेला दंड, आणि दुसरे म्हणजे कामगारांनी न उचललेला पगार आणि बोनस. गिरणगावात हे नेहमीचेच होते. बदली कामगार पेरणीला कोकणात किंवा घाटावर गेला, परत आलाच नाही, त्याचे चार-आठ दिवसांचे पैसे गिरणीच्या वहीत राहिले. अशा रकमा ठरावीक काळानंतर गिरणीने मंडळाकडे भरायच्या असे कायदा म्हणत होता. बॉम्बे डाइंगने त्याला आव्हान दिले आणि १९५७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने न उचललेल्या रकमांबाबतची ती तरतूद रद्द केली.

निकालातला तर्क आजच्या प्रश्नाला जसाच्या तसा लागू होतो. सरकारच्या बाजूने अमेरिकेतल्या कायद्यांचे दाखले दिले गेले होते: तिथेही राज्ये बेवारस रकमा ताब्यात घेतातच की. न्यायालयाने फरक दाखवला. तिथे राज्य ती रक्कम खऱ्या मालकासाठी सांभाळायला घेते, मालक आला तर ओळख पटवून परत देण्याची व्यवस्था ठेवते. इथे कायदा मालकाला शोधत नाही, त्याचा दावा ऐकायची सोय ठेवत नाही, पैसे घेतो आणि सर्वांच्या कल्याणावर खर्च करतो. हेतू कितीही चांगला असला तरी हे मालमत्ता काढून घेणेच झाले. पुढे १९६१ मध्ये कायदा दुरुस्त झाला. नोटिसा लावायच्या, प्रसिद्ध करायच्या, दावे मागवायचे, ते तपासायचे, आणि मगच रक्कम निधीची, अशी वाट घालून दिली गेली.

मालमत्तेचा हक्क आता मूलभूत हक्क राहिलेला नाही, ४४ व्या घटनादुरुस्तीने तो गेला, पण कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही, असे सांगणारा अनुच्छेद ३०० अ आहेच. उद्या डीफचे मुद्दल थेट घरांच्या अनुदानावर खर्च करण्याचा कायदा झाला आणि त्यात मालकाच्या परताव्याची पक्की सोय नसली, तर त्याला आव्हान देणाऱ्या वकिलाला फार लांब जावे लागणार नाही. आणि महाराष्ट्र सरकारने आपल्यापुरते काही करावे म्हटले तर तेही नाही, कारण बँकिंग हा केंद्राचा विषय. आजच्या कलमानुसार तर हा निधी ठेवीदारांच्या हितासाठीच वापरता येतो. घरबांधणी त्यात ओढूनताणूनही बसत नाही.

मग परदेशात काय करतात? तुम्ही ऐकले ते खरे आहे. या कल्पनेचे सर्वांत थेट उदाहरण अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याचे. तिथे १९८८ मध्ये गृहनिर्माण निधी स्थापन झाला आणि त्याला राज्याकडे जमा होणाऱ्या बेवारस मालमत्तेच्या उत्पन्नातला वाटा जोडून दिला. पुढे तो वाटा ५५ टक्के झाला. अर्थव्यवस्था तेजीत असताना निधी भरभरून वाहिला. मग २००८ ची मंदी आली, राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला आणि विधिमंडळाने या वाट्यावर वर्षाला २५ लाख डॉलरची मर्यादा घातली. पाच-पंचवीस घरांच्या वर त्यात काही होत नाही. ज्या वर्षांत घरे जप्त होत होती, लोक रस्त्यावर येत होते, नेमक्या त्याच काळात घरांचा निधी आटला. आपल्याकडे उपकराच्या पैशांचे काय होते हे माहीत असणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. दुसरीकडे डेलावेअर हे छोटेसे राज्य पाहा. हजारो कंपन्यांची नोंदणी तिथली, त्यामुळे बेवारस रकमा तिथे जातात आणि त्या आता राज्याच्या उत्पन्नाचा मोठा आधार बनल्या आहेत. ज्याचे अंदाजपत्रक मालक न सापडण्यावर चालते, तो मालक शोधायला किती धावपळ करील?

ब्रिटनची पद्धत मला जास्त समजूतदार वाटते. २००८ च्या कायद्याने पंधरा वर्षे निष्क्रिय राहिलेल्या खात्यांचे पैसे रिक्लेम फंड नावाच्या स्वतंत्र कंपनीकडे जातात. मालक कधीही आला तरी त्याला पूर्ण पैसे मिळतात. त्यासाठी कंपनी आलेल्या रकमेतला मोठा भाग राखीव ठेवते आणि उरलेलाच पुढे सामाजिक कामाला देते. त्यातला काही पैसा बिग सोसायटी कॅपिटल या संस्थेमार्फत गेला, आता तिचे नाव बेटर सोसायटी कॅपिटल आहे. ही संस्था देणग्या देत नाही, गुंतवणूक करते. बेघरांसाठी घरे विकत घेऊन सेवाभावी संस्थांना भाड्याने देणाऱ्या निधींत तिचे पैसे आहेत. भाडे येते, भांडवल शाबूत राहते.

आपल्याकडेही दुसऱ्या एका खिशात असे घडते आहे. भविष्य निर्वाह निधी, अल्पबचत, पीपीएफ, विमा यांतल्या दीर्घकाळ न मागितलेल्या रकमा २०१५ च्या वित्त कायद्याने ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाऊ लागल्या. चष्मे, काठ्या, श्रवणयंत्रे, व्हीलचेअर वाटणारी राष्ट्रीय वयोश्री योजना या निधीतून चालते. तिथेही मालकाला पंचवीस वर्षे दावा करता येतो, त्यानंतर मात्र रक्कम सरकारजमा. म्हणजे 'असे आपल्याकडे होऊच शकत नाही' असेही कुणी म्हणू नये.

आता आकड्यांकडे येऊ. मुद्दलाला हात न लावता फक्त वरकड उत्पन्न घ्यायचे ठरवले तर किती निघेल? समजा ७८,२१३ कोटी साडेसहा ते सात टक्क्यांच्या रोख्यांत आहेत. वर्षाला सुमारे ५,१०० ते ५,५०० कोटी आले. मालकांचे ३ टक्के, म्हणजे साधारण २,३५० कोटी, बाजूला ठेवले. उरले साधारण २,७५० ते ३,१५० कोटी. सोयीसाठी ३,००० धरू. आकडा मोठा वाटतो. पण पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या शहरी टप्प्याला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा पाच वर्षांत एक कोटी कुटुंबे आणि २ लाख ३० हजार कोटींचे साहाय्य असा हिशेब होता. वर्षाला सरासरी ४६ हजार कोटी. त्यात आपले ३,००० म्हणजे साडेसहा टक्के. आणि मुंबईत जमीन फुकट धरूनसुद्धा एका छोट्या घराला २० लाख लागले, तर वर्षाला १५ हजार घरे, तीही साऱ्या देशाचा पैसा एका शहरात ओतून. गिरणी कामगारांच्या घरांसाठीच दीड लाखाच्या वर अर्ज आले होते, हे लक्षात घ्या.

अनुदान म्हणून वापरला तर हा पैसा समुद्रात खसखस. कर्ज म्हणून वापरला तर मात्र चित्र बदलते.

समजा निधीचा फक्त पाचवा हिस्सा घेतला. साधारण १५,६०० कोटी. योगायोग असा, की रखडलेले गृहप्रकल्प पुरे करण्यासाठी केंद्राने २०१९ मध्ये काढलेल्या स्वामिह निधीची अंतिम उभारणी १५,५३० कोटींची होती. त्यात सरकारचे पैसे होते, एलआयसी आणि बँकांचे होते, व्यवस्थापन स्टेट बँकेच्या उपकंपनीकडे. त्या पैशातून पुरा झालेला पहिला प्रकल्प आपल्या बोरिवलीतला, २०२१ चा. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात ५० हजार घरे पुरी झाल्याचे सांगितले गेले आणि १५ हजार कोटींचा दुसरा निधी जाहीर झाला. यातले काही दानधर्म नाही. इमारत अर्धी उभी असते, तिला शेवटचे भांडवल मिळत नसते, ते देऊन घरे विकली जातात आणि पैसे परत येतात. परत आलेले पैसे पुढच्या इमारतीला. डीफचा पैसा देणे असल्यामुळे त्याला शोभणारे काम हेच: परत येणारे.

वाटही नव्याने खोदावी लागणार नाही. शेती, छोटे उद्योग अशा अग्रक्रम क्षेत्राला कर्ज देण्याचे ठरलेले उद्दिष्ट न गाठणाऱ्या बँकांकडून राहिलेली रक्कम घेऊन ती स्वस्त दराने घरकर्जाकडे वळवण्याचे काम राष्ट्रीय गृहनिर्माण बँक २००८ च्या ग्रामीण गृहनिर्माण निधीपासून करते आहे. डीफने गृहनिर्माण बँकेचे रोखे घ्यावेत आणि तिने ते पैसे बांधकामाच्या काळापुरते पुढे द्यावेत. मालकांचे दावे वाढले तर उरलेले चार हिस्से सरकारी रोख्यांत आहेतच, ते कधीही मोडता येतात. २०२५ च्या ऑक्टोबरात 'आपली पुंजी, आपला अधिकार' ही देशव्यापी मोहीम निघाली, शिबिरे लागली, तेव्हा दावे वाढणारच. वाढायलाच हवेत. म्हणून पाचव्या हिश्श्याच्या पुढे जाऊ नये असे माझे मत. हा आकडा कुठल्या सूत्रातून आलेला नाही, बँकेत तरलता सांभाळलेल्या माणसाचा अंदाज आहे. पहिली पाच वर्षे दहावा हिस्साच घेतला तर आणखी बरे.

आता हा पैसा स्वयंपुनर्विकासाला किती कामाचा, ते एका उदाहरणावर पाहा. समजा ४० सभासदांची सोसायटी आहे. इमारत रिकामी केल्यावर प्रत्येकाला महिना ३० हजार भाडे द्यायचे म्हटले तर महिन्याला १२ लाख, तीन वर्षांत ४ कोटी ३२ लाख. एक वीट रचायच्या आधी जादा बांधकामासाठी महापालिकेला भरायचे प्रीमियम, टीडीआर (विकत घ्यायचे बांधकाम हक्क), आर्किटेक्ट, डिपॉझिटे. विक्रीच्या फ्लॅटचे पैसे यायला लागतात ते प्लिंथ (जोते) वर आल्यावर, ग्राहकाचा विश्वास बसल्यावर. मधला काळ कर्जावर काढायचा. सरासरी थकबाकी २५ कोटी धरा. व्याज साडेबारा टक्क्यांऐवजी साडेसात लागले तर वर्षाला सव्वा कोटी वाचले, तीन वर्षांत पावणेचार कोटी. घरटी नऊ लाखांहून अधिक. एवढ्या फरकावर सोसायटी स्वतः बांधते की नाइलाजाने बिल्डरच्या दारात जाते, हे ठरते. मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने अशी कर्जे देऊन वाट दाखवली, राज्य सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये सवलतींचा शासननिर्णयही काढला. तरी अडते ते इथेच, दीर्घ मुदतीच्या स्वस्त पैशावर.

इथे तुम्ही म्हणाल, ज्यांना आधीच घर आहे त्यांनाच मोठे घर मिळाले, गरिबाला काय? आक्षेप रास्त आहे. म्हणून स्वस्त कर्ज नुसते देऊ नये, बदल्यात काही घ्यावे. चार हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर २० टक्के घरे अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवायचा नियम आहे, लहान सोसायट्या त्यातून सुटतात. ज्या सोसायटीला डीफच्या पैशाचे कर्ज हवे, तिने विक्रीच्या हिश्श्यातली दोन-तीन ३० चौरस मीटरची घरे ठरलेल्या किमतीत म्हाडाच्या सोडतीला द्यावीत. मध्यवस्तीत, स्टेशनजवळ, विखुरलेली अशी घरे मिळाली तर ती शहराबाहेरच्या माळावर बांधलेल्या हजार घरांपेक्षा कामाची. तिथल्या रिकाम्या इमारती पाहून आलेला कुणीही हे मान्य करील.

एक गोष्ट सांगून टाकतो. पैसा पडून असणे ही एकट्या बँकांची गोष्ट नाही. इमारत बांधणाऱ्या मजुरांसाठी १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर आहे. तो वर्षानुवर्षे गोळा होतो, त्याच्या न वापरण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना वारंवार झापले आहे. त्या पैशाचे मालक ठरलेले आहेत आणि बांधकाम कामगारांसाठी घरकुलाची अटल आवास योजनाही आपल्या राज्यात आहे. परवडणाऱ्या घरांसाठी पडून राहिलेला पैसाच हवा असेल, तर न्यायाने पहिला नंबर याचा. तिथे कायदा बदलायची गरज नाही, नोंदणी आणि वाटप नीट करायची आहे. पण त्यात बातमी होत नाही.

आता तुमच्या सोसायटीचे. डीफमधून कर्ज नाही, हे सांगितलेच. तुमचा पहिला अडथळा बहुधा पैसा नसून कागद असेल: जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का? नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरने जमीन नावावर करून दिली नसेल तर सरकारी अधिकाऱ्यामार्फत ती करून घेण्याचा, अर्ज आधी, बाकी सगळे नंतर. मालमत्ता पत्रकावर सोसायटीचे नाव नसेल तर कुठलीच बँक फाइल उघडत नाही. मग ४ जुलै २०१९ च्या, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ अ खालच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे विशेष सर्वसाधारण सभा, ५१ टक्के सभासदांची लेखी संमती, व्यवहार्यता अहवाल. अहवाल आर्किटेक्टकडून घ्या, पण विक्रीचा दर तुम्ही स्वतः आजूबाजूला चौकशी करून दहा टक्के कमी धरा. तरीही गणित जुळले, तरच बँकेत जा.

आणि जाण्याआधी सोसायटीचे जुने ताळेबंद काढून पाहा. सिंकिंग फंडाच्या (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीच्या) मुदत ठेवी कमिटी बदलता बदलता हरवलेल्या मी बऱ्याच ठिकाणी पाहिल्या आहेत. पावती जुन्या चिटणीसाच्या कपाटात, तो वारला, मुलाने घर विकले, नव्या कमिटीला पत्ताच नाही. लेखापरीक्षक वर्षानुवर्षे 'ठेव पावती तपासणीस उपलब्ध नाही' एवढा शेरा मारून पुढे जातो. त्या ठेवी आता डीफमध्ये असू शकतात. उद्गमवर व्यक्तींखेरीज संस्थांच्या नावानेही शोधता येते. मार्च २०२४ मध्ये तिथे तीस बँका होत्या, पण बहुतेक सहकारी बँका नव्हत्या. त्यामुळे ठेव जिल्हा बँकेत किंवा नागरी बँकेत असेल तर शाखेत अर्जच द्यावा लागेल. सोबत नोंदणी प्रमाणपत्र, सध्याच्या कमिटीच्या निवडणुकीचा निकाल, सही करणाऱ्यांबाबतचा ठराव आणि ठेवीची नोंद असलेल्या जुन्या ताळेबंदाची प्रत जोडा. पावती हरवली असेल तर क्षतिपूर्ती बंधपत्रावर (पुढे दुसरा दावेदार निघाला तर नुकसान भरून देण्याच्या लेखी हमीवर) काम होते. शाखेने तोंडी नकार दिला तर तो लेखी मागा.